कंडक्टरकाका आणि रंगवलेले रुपये

कंडक्टरकाका कुठलंही जुनं नाणं आधी नाकाला लावायचे आणि मग डोळ्यांना. चांदीचा रुपया मिनिटभर मुठीत गच्च धरायचा, तो कोमट झाला की मूठ नाकाशी नेऊन किंचित उघडायची. नव्यानं रंगवलेल्या रुपयाला ऊब लागली की गंधकाचा, नासक्या अंड्यासारखा वास सुटतो, असं त्यांचं म्हणणं. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही यायचं.

त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली. चिखलीहून बुलढाण्याला येणाऱ्या त्यांच्या गाडीनं बाबा रोज कचेरीत यायचे. बाबा त्यांना ‘कंडक्टर’ म्हणत आणि ते बाबांना ‘भाऊ’. निवृत्त झाल्यावर दोघांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. दर रविवारी सकाळी काका आमच्याकडे यायचे, आई चहा ठेवायची आणि व्हरांड्यात भिंग, फडकं आणि रुपये पसरायचे.

जुनी चांदी वर्षानुवर्षं पडून राहिली की काळवंडते. क्वचित एखाद्या रुपयावर निळी-जांभळी झाक चढते आणि अशा रुपयाला शौकीन चौपट किंमत देतात. म्हणून काही व्यापारी साध्या रुपयाला गंधक आणि आच देऊन चार दिवसांत तो रंग आणतात. काकांकडे त्यांच्या आईच्या बटव्यात पडून राहिलेला एक राणीछाप रुपया होता. तो दाखवून ते मला शिकवायचे, “हे पाय बाई, खरा रंग कडेनं येते आन् हळूहळू मधात सरकते. राणीचा गाल घासून गेला असन, आन् त्या गालावरच निळा रंग बसला असन, त तो कोनंतरी लावला. चांदीले घाई नसते. घाई मानसाले असते.”

न विचारता खरं सांगायची त्यांना फार वाईट खोड होती. गावातल्या एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक बाई नवऱ्यासाठी जांभळा रुपया घेत होती. काकांनी मध्येच सांगितलं, “घेऊ नका, रंगवेल हाये.” व्यापाऱ्याच्या माणसांनी त्यांना दंडाला धरून पायरीपर्यंत आणून सोडलं.

“तुम्हाला विचारलं होतं का कोणी?” मी चिडून म्हणाले.

“गाडीत खिसेकापू दिसला त कंडक्टरनं पॅसेंजरनं विचारेपर्यंत थांबाव का?”

त्याच प्रदर्शनात त्याच व्यापाऱ्यानं आमच्यासोबत आलेल्या बाबांचा नंबर घेतला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तो रोज फोटो पाठवायचा, ‘साहेब’ म्हणायचा, औषधं घेतली का विचारायचा. बाबांना इतकं साहेब कचेरीतही कोणी म्हटलं नव्हतं. एका रविवारी बाबांनी मखमलीची डबी उघडली. आत मोरपंखी रंगाचे चौदा राणीछाप रुपये होते.

“दोन वर्षांनी दुप्पट होतील,” बाबा म्हणाले. “हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन यातूनच करायचं.”

आई दारात उभी होती. काकांनी एक रुपया मुठीत धरला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. दुसरा उचललाच नाही.

“बोला ना, कंडक्टर.”

“आज राहू द्या भाऊ.”

“नाही, बोलाच.”

“सगळे रंगवेल हायेत भाऊ. वापस करा. आजच्या आज करा.”

बाबांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “जन्मभर तिकिटं फाडली तुम्ही. तुमाले काय कळते चांदीतलं?”

काकांनी भिंग खिशात टाकलं आणि चहा न घेता ते निघून गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

पण आठवड्यानं त्यांनी मला बसस्थानकावर बोलावलं. “एक रुपया घेऊन ये. त्या मानसाकडे जाऊन येऊ.” डबीतला एक रुपया मी बाबांना न सांगता उचलला. चार तासांचा प्रवास करून आम्ही त्या व्यापाऱ्याच्या दुकानात पोचलो. त्यानं आमच्यासाठी उसाचा रस मागवला.

“काका, चांदी खरी आहे ना? रुपया खरा आहे ना? रंग साहेबांना आवडला, त्यांनी घेतला. रंगाची हमी मी कुठं लिहून दिली?”

रसाचे पेले तसेच ठेवून आम्ही बाहेर पडलो. पोलीस चौकीतही तेच विचारलं गेलं, “पावतीवर लिहिलंय का?” पावतीच नव्हती. परतीच्या गाडीत काका एकदाच म्हणाले, “मले दिसते ना बाई, मंग दाखवता काऊन येत नाही?”

बाबा त्या व्यापाऱ्याकडून रुपये घेतच राहिले. मी अडवलं की ते म्हणायचे, “कंडक्टरनं शिकवलं वाटते तुले!” आई गुडघे धरून जिना चढायची. पुढं काकांना अर्धांगवायू झाला आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना गाडी आमच्या गल्लीतून गेली. मी फाटकाशी उभी होते. बाबा आत पेपर वाचत बसले होते.

या उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन ठरलं. बाबा सगळ्या डब्या घेऊन त्याच व्यापाऱ्याकडे विकायला गेले, मीही सोबत होते. त्यानं एक रुपया उजेडात धरला आणि हसून परत दिला. “साहेब, हा रंगवलेला माल आहे. असला आम्ही घेत नाही.”

“तुमच्याकडूनच घेतला की!”

“पावती आहे?”

घरी आल्यावर बाबांनी बूटही काढले नाहीत. “कंडक्टरचा नंबर हाये का तुझ्याकडे?” मी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बाबांच्या हातात दिला. तो म्हणाला, “त्यांना बोलता येत नाही काका, पण ऐकू येतं. कानाला लावतो.”

“कंडक्टर, तुमचं बरोबर होतं,” बाबा म्हणाले. मग पुन्हा तेच, थोडं मोठ्यानं. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. बाबांनी तिसऱ्यांदाही तेच सांगितलं.

थोड्या वेळानं मुलगा घाबरून म्हणाला, “काका, माझे बाबा रडून राह्यले. काय सांगितलं तुम्ही त्यांना?”

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. “त्यांचं बरोबर होतं,” एवढंच मी मुलाला सांगितलं.