बेचाळीस विहिरी आणि मोकळी जागा

पूजेच्या आरंभी आवाहन असते आणि अंती विसर्जन. आवाहनाला आपण उत्साहाने उभे राहतो; विसर्जनाच्या वेळी अर्ध्या मंडळींचे लक्ष प्रसादाकडे वळलेले असते. परंतु ज्यांनी हा विधी रचला त्यांनी विसर्जनालाही आवाहनाइतकाच मान दिला. ज्याला बोलावून आसनावर बसवले त्याला निरोप देताना त्याची अनुज्ञा घ्यावी, काही उणे घडले असेल तर क्षमा मागावी आणि मगच आसन हलवावे, अशी त्यांची दृष्टी होती. संग्रह करणारे आपल्याला पदोपदी भेटतात. सर्वस्व सोडून जाणारेही अधूनमधून दिसतात. मात्र जे आता नको झाले आहे ते चौकशी करून, कोणाचे काही न गमावता दूर सारणारा मनुष्य विरळा. असा एक मनुष्य परभणीत आमच्या गल्लीत राहत होता. त्याचे नाव आश्रुबा.

आश्रुबांचे गाव मानवतजवळचे. घरची जमीन बेताची. खळे मात्र चार घरांत मिळून एकच होते. ज्वारीची मळणी आटोपली की खळे उठवण्याआधी आश्रुबांचे वडील मधोमध उभे राहून हाक देत, ‘‘कोणाचं काय ऱ्हायलंय का?’’ चारही घरांतून माणूस येऊन आपली दोरी, आपले सूप, आपला विळा उचलून नेई. तरीही खळे लगेच झाडले जात नसे. मातीत मिसळलेले शेवटचे दाणे, ज्यांना मातेरे म्हणतात, ते चाळून चारी घरांत वाटले जात आणि मग झाडू फिरे. ही हाक आश्रुबांच्या कानात जन्मभर राहिली.

निजामी राजवट संपून दोन वर्षे झाली असतील, तेव्हा एकोणीस वर्षांचे आश्रुबा परभणीच्या एका सरकारी आकडेवारी कचेरीत दफ्तरबंद म्हणून लागले. कागदांची बासने बांधायची, फडताळात लावायची, मागितली की काढून द्यायची, हे त्यांचे काम. मुदत संपलेली बासने नष्ट करण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. प्रथम नोंदवहीतल्या नावावर तांबडी रेघ ओढायची. मग बासन खोलीच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवायचे, आणि ज्याचा त्या कागदांशी संबंध असेल त्याला गाठून विचारायचे. त्याने मान डोलावली तरच कागद जाळायचे. अशा रीतीने त्यांनी अडतीस वर्षे कागदांना निरोप दिला आणि एकाही माणसाने, माझा कागद आश्रुबाने घालवला, असे कधी म्हटले नाही.

१९८८ साली कचेरीत संगणक आला. विभाग सहा आणि संगणक एक, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तो नेमका कोणाचा यावरून कुरबुर सुरू झाली. तो बसवून देण्यासाठी पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने यावर एक विलक्षण तोड काढली. त्याने त्या एकाच यंत्राच्या पोटात सहा आभासी यंत्रे निर्माण केली. प्रत्येक विभागाला एक नाव मिळाले. ते नाव टंकले की पडद्यावर असा भास होई की हा सगळा संगणक आपल्या एकट्याचाच आहे. इतर पाचांची सावलीही तेथे पडत नसे. ज्या तबकडीवर सर्व मजकूर साठतो, जिला सगळे हार्ड डिस्क म्हणत, तिच्यातून प्रत्येक आभासी यंत्राला पहिल्याच दिवशी समान वाटा कापून दिला होता. त्या वाट्यात मूठभर माहिती ठेवा अथवा पोतेभर, वाटा तेवढाच अडलेला राही.

संगणकाची खोली झाडण्यासाठी आश्रुबांची नेमणूक झाली. त्यांनी दाराबाहेर चपलांची जागा आखून दिली, आणि आत उभे राहून ते पाहू लागले. पाहता पाहता सत्तावन्नाव्या वर्षी इंग्रजी अक्षरे गिरवली आणि वर्षभरात त्या खोलीचे सारे व्यवहार त्यांच्या हाती आले. कोणी कौतुक केले तर म्हणत, ‘‘दफ्तरच हाय हे. निस्तं वाळवी न्हाई लागत.’’

१९९० च्या मार्गशीर्षात तबकडी भरली. सुमनबाई नावाच्या कनिष्ठ सहायिका खरिपाच्या पीक कापणीचे आकडे संगणकात भरत होत्या. ते पंधरा दिवसांत वर पाठवायचे होते, आणि जागा शिल्लक नाही असे पडदा सांगू लागला. सहांपैकी चार विभागांच्या योजना तोवर बंद पडल्या होत्या. त्यांची चार आभासी यंत्रे आपापला वाटा अडवून स्वस्थ बसली होती. कचेरीचे प्रमुख दिनकरराव यांनी आश्रुबांना बोलावले.

‘‘चारही मशिनी काढून टाका. उद्यापर्यंत जागा झाली पाहिजे.’’

‘‘काढतो की साहेब. पर ज्यांच्या हायेत त्यांना इचारावं लागंल.’’

‘‘योजना बंद, माणसं निवृत्त. विचारायचं कुणाला?’’

‘‘निवृत्त झाल्यात, गेली न्हाईत,’’ आश्रुबा शांतपणे म्हणाले.

दिनकररावांना हसू आले. त्यांनी आठ दिवस दिले.

आश्रुबांनी आपल्या जुन्या रीतीनेच आरंभ केला. संगणकातील यादीतून चारही नावे कापली; ही त्यांची तांबडी रेघ. तबकडीवर जागा तसूभरही वाढली नाही, याचा त्यांना मुळीच विस्मय वाटला नाही. सुमनबाई मात्र गोंधळल्या.

‘‘मामा, नावं गेली, मग जागा का आली न्हाई?’’

‘‘वहीतलं नाव कापल्यानं फडताळ मोकळं होतंय का, ताई? बासन अजून आत हाय. ते मागून उचलायचं.’’

त्यांचे म्हणणे खरे होते. प्रत्येक आभासी यंत्राचा सारा ऐवज तबकडीवर निराळ्या ठिकाणी एका अवजड फाइलीत होता, आणि तिला नाव नसून केवळ एक क्रमांक होता. ती फाइल उचलली तरच जागा सुटणार होती.

तीन विभागांची माणसे परभणीतच सापडली. एकाने दारातूनच, ‘‘काढा, काढा,’’ म्हटले. दुसऱ्याने आपले असे काही यंत्र होते हेच आठवत नसल्याचे सांगितले. तिसऱ्याने चहा पाजून संमती दिली. उरले बन्सीधर. विहिरींच्या पाणीपातळीच्या योजनेत ते निरीक्षक होते आणि निवृत्तीनंतर गंगाखेडला राहत होते. रविवारच्या सकाळच्या पॅसेंजरने आश्रुबा तिकडे गेले.

बन्सीधरांनी सगळे ऐकले आणि हातातला अडकित्ता खाली ठेवला.

‘‘आश्रुबाभाऊ, बेचाळीस इहिरी हायेत त्यात. अठ्ठ्याहत्तरपासून अकरा वर्षं. सायकलवर फिरून दोरी सोडलेली हाय मी.’’

‘‘तुमच्या वह्या असतील की.’’

आतून बन्सीधरांच्या पत्नी कमलबाई बोलल्या, ‘‘वह्या वाळवीनं खाल्ल्या, भाऊजी. चार म्हईने सांगायले होते, पोतं उचला, पोतं उचला. ह्यांनी इहिरीचं पाणी मोजलं, घरातली ओल कदी बघितली न्हाई.’’

बन्सीधर हसले नाहीत. ‘‘वर जो अहवाल गेला त्यात निस्ती सरासरी हाय. कोणत्या सालात कोणती इहीर कुठवर आटली, ते फक्त त्या मशिनीत हाय. ती गेली तर मी अकरा वर्षं काय केलं, ते मलाच सांगता यायचं न्हाई.’’

‘‘जात न्हाई,’’ आश्रुबा म्हणाले.

परंतु परतीच्या गाडीत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्यांची झोप उडाली. फडताळातल्या बासनावर चिठ्ठी बांधलेली असे. नोंदवहीत रेघ ओढली तरी बासन आपली ओळख स्वतः सांगे. संगणकात मात्र कोणती क्रमांकित फाइल कोणाची, हे केवळ त्या यादीलाच ठाऊक होते, आणि यादीतून नावे त्यांनी स्वतःच्या हाताने कापली होती. आता तबकडीवर यादीबाहेरच्या चार फाइली होत्या, चारही सारख्याच आकाराच्या. तीन उचलायच्या, एक राखायची, आणि राखायची कोणती ते कळण्याचा मार्ग बुजला होता.

सोमवारी त्यांनी हे सर्व दिनकररावांना आपण होऊन सांगितले. ‘‘चूक माझी हाय, साहेब. कागदाची रीत मशिनीला लावली.’’

दिनकररावांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. मुदतीतले चारच दिवस उरले होते. चारही फाइली उचला, असे म्हणणे त्यांच्या अधिकारात होते आणि ते म्हटले असते तर कोणी प्रश्न केला नसता. त्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला.

तंत्रज्ञाने सांगितलेला उपाय फार सोपा निघाला. यादीत एक नवे नाव घालायचे आणि त्याला जुन्यांपैकी एक फाइल जोडायची. ते आभासी यंत्र पुन्हा जागे होईल. आत काय आहे ते पाहायचे. नको असेल तर जोड सोडवून दुसरी फाइल जोडायची. आश्रुबांनी फोन ठेवला आणि सुमनबाईंना म्हणाले, ‘‘चला ताई, मातेरं चाळायचं हाय.’’

‘‘आणि माझी कापणी?’’

‘‘आधी चाळू. मग झाडू. तुमची कापणी कुठं जात न्हाई.’’

‘‘साहेबांनी इचारलं तर तुमचं नाव सांगंन.’’

‘‘सांगा की. यादीतली नावं मीच कापली,’’ आश्रुबा म्हणाले, आणि दोघेही हसले.

एकेका यंत्राला जागे करण्यात बराच वेळ जाई. पहिल्यात जनावरांची मोजणी निघाली. दुसऱ्यात काहीच नव्हते. दोन वर्षे एवढी जागा केवळ रितेपणाने अडवली होती. तिसऱ्याला जोडताच पडद्यावर गावांची नावे आणि त्यांच्यापुढे हात नि बोटे अशी मापे उमटली. खात्री व्हावी म्हणून आश्रुबांनी बन्सीधरांना निरोप पाठवला आणि बुधवारी ते स्वतः पॅसेंजरने येऊन पोचले. चपला बाहेर काढून ते पडद्यासमोर बसले. एकेक गाव वाचत, एकेक विहीर ओळखत ते पुढे सरकले. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापाशी थांबले.

‘‘हे बघा. ह्या पाच इहिरींचा आकडा मागच्या येळेचाच हाय. त्या म्हईन्यात मी तापानं पडलेलो होतो. गेलोच न्हवतो. मागचंच उतरवलं.’’

बन्सीधरांनी त्या पाच आकड्यांवर बोट ठेवले. मग ते म्हणाले, ‘‘आता ऱ्हायलेच हायेत तर खरे ऱ्हाऊ द्या. तिथं लिवा, मोजले न्हाईत म्हणून.’’

सुमनबाईंनी त्या पाच जागी तसे लिहिले. बेचाळीस विहिरींची अकरा वर्षे त्यांनी एका फ्लॉपीवर उतरवली. गंमत अशी की ती फ्लॉपी निम्मीदेखील भरली नाही. त्या फ्लॉपीची दुसरी प्रत केली आणि ती वाचून पाहिली. चौथ्या यंत्रातही कोणी विचारावे असे काही निघाले नाही. तेव्हा आश्रुबा खुर्चीवर बसले, खोलीत उपस्थित असलेल्या दोघांकडे पाहून त्यांनी आपल्या वडिलांच्या शब्दांत विचारले, ‘‘कोणाचं काय ऱ्हायलंय का?’’

‘‘न्हाई,’’ बन्सीधर म्हणाले.

मग त्यांनी चारही फाइली एकामागून एक उचलल्या. आपल्याकडे घटाकाशाचा दृष्टान्त फार प्राचीन आहे: घडा फुटला म्हणजे त्यातले आकाश कोठे जात नाही, ते मोठ्या आकाशाचेच होते. त्या दुपारी चार घडे फुटले आणि सुटलेली जागा सुमनबाईंच्या वाट्याला जोडताच त्यांच्या पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा एकाएकी वाढला. त्या लगेच कामाला बसल्या. पीक कापणीचे आकडे मुदतीच्या एक दिवस आधी रवाना झाले.

बन्सीधर संध्याकाळच्या गाडीने परतले. जाताना त्यांनी आश्रुबांच्या हातात कमलबाईंनी दिलेले तिळाच्या चटणीचे पुडके ठेवले आणि फ्लॉपीची दुसरी प्रत छातीशी धरून रिक्षात बसले. ‘‘ओलीत ठिवू नका,’’ आश्रुबांनी बजावले. ‘‘आता ती ठिवणार,’’ बन्सीधर म्हणाले. त्यांचा रोख पत्नीकडे होता.

त्यानंतर आश्रुबांनी आपल्या रीतीत एवढाच बदल केला की तांबडी रेघ शेवटी नेली. प्रथम चिठ्ठी, मग विचारणे, मग उचलणे, आणि सगळ्यांच्या अखेरीस नाव. पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपल्या टेबलाचा खण दिनकररावांसमोर उघडून दाखवला. तो रिकामा आणि पुसलेला होता. नंतरची दोन वर्षे ते आमच्या गल्लीत लिंबाखाली सकाळचे ऊन घेत, तृप्त मनाने राहिले. १९९३ च्या माघात अल्प आजाराने गेले.

कचेरीच्या लोखंडी कपाटात खाकी पाकिटात एक फ्लॉपी आहे. तिला सुतळीने चिठ्ठी बांधली आहे, आणि चिठ्ठीवर आश्रुबांच्या अक्षरात लिहिले आहे: विहिरी बेचाळीस, वर्षे अकरा, पाच आकडे मोजलेले नाहीत.