नवा टर्बो

मिस्त्रींनी गाडीतून काढलेला टर्बो वर्तमानपत्रावर ठेवला होता. दोन मुठींएवढं, गोगलगाईसारखं वळलेलं लोखंड. त्यांनी आतलं चक्र बोटाने हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं खुळखुळलं.

“इंजिनाला हवा पुरवतो हा. म्हणून चढावर दमत होती, वहिनी.”

हे तक्रार करायचे, “घाटात गाडीला दम लागतोय.” त्यांनाही जिन्यात दम लागत होता. आम्ही मात्र गाडीबद्दलच बोलत राहिलो. ते जाऊन दीड महिना झाला होता, आणि हे आठवूनही मला रडू आलं नाही. मिस्त्रींच्या हाताचं काळं ग्रीस तेवढं मी पाहत बसले.

“गाडी विकायची असेल, तर दुरुस्त केलेला बसवतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “ठेवायची असेल, तर नवाच घ्या. अजून दहा वर्षं बघायला नको.”

दहा वर्षं. मला तर संध्याकाळच्या भाजीचंही ठरवता येत नव्हतं.

“नवा बसवा,” मी म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“चालवणार कोण?”

“शिकेन.”

चार दिवसांनी गाडी तयार झाली. मिस्त्रींनी दार उघडून मला चालकाच्या जागी बसवलं. सीट अजून यांच्याच उंचीला लावलेली होती; माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

“सीट पुढे घेऊ?” त्यांनी विचारलं.

“आज नको,” मी म्हणाले, आणि तशीच बसून राहिले.