एक रिंग

कुठलंही प्रेक्षणीय स्थळ आलं, की सुगतदादा आधी त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा. समोर शिआन शहराचा प्रचंड तट असो की मातीच्या सैनिकांच्या रांगा, तिकडे ढुंकूनही न बघता तो खिशातून फोन काढायचा. नागपूरला आईचा नंबर लावायचा, पलीकडे एक रिंग वाजली की कापायचा आणि मग वळून म्हणायचा, "हां, आता पाहू."

एक रिंग म्हणजे पोचलो. हा करार आपल्याकडे घरोघरी असतो. आमच्या पुण्याच्या घरीही होता, पण चीनला जाताना मी तो विमानतळावरच सोडून आले होते.

सुगत रामटेके तिथे धातुशास्त्रात पीएचडी करत होता आणि मी बायोटेकच्या मास्टर्सला होते. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. अख्ख्या विद्यापीठात मराठी माणसं आम्ही दोघंच. दर शनिवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्यांशी तो मला गाठायचा. "मुग्धा, उद्या येऊन राहिली का?" खरं सांगायचं तर मला त्या दगडमातीत काडीचाही रस नव्हता. पण नाही म्हटलं तर रविवारी दिवसभर तोंडातून मराठीचा एक शब्द निघायचा नाही, म्हणून मी जायचे. कुरकुरत जायचे, वाटेत भूक लागली म्हणायचे, आणि तो पिशवीतून तिखट शेंगदाणे काढून द्यायचा.

त्याला राजेरजवाड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मातीच्या सैनिकांपुढे गाइड सम्राटाचं कौतुक सांगत होती, तेव्हा याने मला कोपराने ढोसलं. माझं चिनी त्याच्यापेक्षा बरं होतं. "विचार तिले, हे बनवणाऱ्यांची नावं आहेत का कुठं?" मी लाजत विचारलं. ती म्हणाली, काही पुतळ्यांवर कारागिरांची नावं कोरलेली सापडली आहेत. सुगतदादाचा चेहरा असा उजळला, जणू त्याच्याच कोणाचं नाव निघालं होतं. "बरं झालं," तो म्हणाला, "मागून कोणी विचारत आलं असतं तर सांगता तरी आलं असतं." परतीच्या बसमध्ये मी त्याला यावरून खूप चिडवलं होतं.

देवळांमध्ये त्याची वेगळीच तऱ्हा. लोक मूठमूठ उदबत्त्या पेटवून परीक्षा, नोकरी, मुलगा असं काय काय मागत असायचे. हा एका बाजूला, पांढराशुभ्र शर्ट घालून, हात जोडून ताठ उभा. कोणी उदबत्ती पुढे केली तर हसून नको म्हणायचा. "बुद्धाले काही मागायचं नसते," हे तो मला इतक्यांदा सांगायचा, की शेवटी तो तोंड उघडायच्या आतच मी वाक्य पूर्ण करायला लागले.

एकदा आम्ही लोयांगच्या श्वेताश्व मंदिरात गेलो. चीनमधलं हे सगळ्यात जुनं बौद्ध मंदिर म्हणतात. पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून दोन भारतीय भिक्खू तिथे आले आणि तिथेच वारले, अशी कथा आहे. आवारात दोन टोकांना त्यांच्या समाध्या आहेत. समाध्या म्हणजे काय, गवत उगवलेले मातीचे गोल उंचवटे. सगळी गर्दी मूर्तींपाशी होती, इकडे चिटपाखरू नव्हतं. सुगतदादाने आईला रिंग दिली आणि मग त्यातल्या एका उंचवट्यापुढे उभा राहून त्रिसरण म्हटलं. मी जरा लांब उभी होते, कोणी बघतंय का ते बघत. एक चिनी म्हातारी खरंच थांबून ऐकत होती. त्याचं झाल्यावर तिने पिशवीतून एक संत्रं काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि निघून गेली. त्याने सोलून अर्धं मला दिलं.

"मुग्धा," तो म्हणाला, "यांच्या घरी कोणी कळवलं असंल का?"

"दोन हजार वर्षं झाली, दादा. आता कशाला काळजी?"

"तसं नाही. माय वाट पाहून राहिली असंल नं. पोचला की नाही, तिले कसं कळलं असंल?"

मी संत्र्याची बी थुंकले आणि ट्रेनची वेळ झाली म्हणाले.

पुढे दोघंही अमेरिकेत आलो. मी इथे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. तो मिशिगनमध्ये ट्रॉयला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. त्याचं लग्न जमलं नाही, त्याने ते फारसं मनावर घेतलं आहे असं दाखवलं नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिथल्या आपल्या लोकांमध्ये हौसेने मिसळायचा, पण रविवारी एकटाच गाडी काढून सरोवरांकाठची जुनी दीपगृहं बघत हिंडायचा. सोबतीला कोणी नाही म्हणून असेल, आता तो दोन रिंगा द्यायचा. आधी आईला, मग मला. हा क्रम त्याने कधी मोडला नाही. माझ्या फोनवर एक रिंग वाजून बंद झाली, की मी मनात म्हणायचे, पोचला वाटतं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. उलट फोन करायचं दर वेळी ठरवायचे. आठवडा कसा निघून जायचा, देव जाणे. कधी बोलणं झालंच, तर तो विचारायचा, "समरमध्ये येऊन राहिली का? तुले दीपगृहं दाखवतो." मी म्हणायचे, "बघू या रे, नक्की जमवते." मी ट्रॉयला पहिल्यांदा गेले ती त्याच्या अंत्यविधीला.

फेब्रुवारीतला रविवार होता. मी दुकानात कोथिंबीर निवडत होते. फोन एकदा वाजला आणि थांबला. सुगतदादा. एवढ्या बर्फात कुठल्या दीपगृहावर कडमडला हा, असं वाटून मला हसूही आलं. मी फोन पर्समध्ये टाकला.

मंगळवारी त्याच्या मॅनेजरचा फोन आला. ऑफिसच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्याने माझं नाव दिलं होतं. हार्ट अटॅक, तो अपार्टमेंटमध्येच सापडला, रविवारीच गेला असावा, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. मग चाचरत विचारलं, त्याच्या आईला इंग्लिश येत नाही, घरी तुम्ही कळवाल का?

मी मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, कळवलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही.  मावशी म्हणाल्या, "रविवारी त्याची रिंग आली नाही, बाई. मले वाटलं, थंडी आहे, गेला नसंल कुठं."

आईला रिंग गेली नव्हती. फक्त मला आली होती.

म्हणजे ती रिंग पोचलो म्हणून नव्हती. तो हाक मारत होता, आणि एकीपुढे दुसरी रिंग द्यायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मी उलट फोन केला असता तर तो वाचला असता का, ते मला ठाऊक नाही. पण मी केला नाही, एवढं मला ठाऊक आहे. हे मी मावशींना सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

ट्रॉयहून निघताना त्यांना फोन केला, तर त्या मलाच सांभाळून जा म्हणाल्या. "घरी पोचली की मले रिंग दे."

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी त्यांना फोन लावते. तेव्हा नागपुरात रात्रीची जेवणं होत आलेली असतात. कुठे गेलेली नसते मी, घरातच असते. पण एक रिंग देऊन कापत नाही. त्यांना उठून फोनपाशी यायला वेळ लागतो. त्या उचलेपर्यंत मी वाजू देते.