तिसऱ्या पायाचं शिसं

चीनमधल्या आमच्या आन्यांगच्या संग्रहालयात फुटकी भांडी सांधण्यात च्याओ शौचनचा जन्म गेला. त्यानं डाख देऊन वर जुनेपणाचा हिरवा कळंक चढवला, की सांधा ब्रह्मदेवालाही सापडू नये. याची त्याला घमेंड होती, आणि ती शोभायचीही. दर छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, दारूचा पहिला पेला तो गुरूंच्या, ल्वान शिफूंच्या थडग्यावर ठेवी, आईबाप नंतर.

त्या वसंतात प्रयोगशाळेतल्या फेईबाई आल्या. शिशाच्या अंगात त्याच्या खाणीची खूण कायमची राहते. त्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या, शिसं मिसळलेल्या कांस्याचं मूळ शोधायचं, हे त्यांचं काम. ल्वान शिफूंनी लढाईत जपून देशाला दिलेलं तीन पायांचं भांडं दालनात मानाच्या जागी होतं. बाईंनी त्याचा चिमूटभर कीस काढला तो नेमका तिसऱ्या पायाचा. जुना मोडल्यावर तो पाय वयाच्या विसाव्या वर्षी च्याओनंच ओतला होता.

आठवड्यानं बाई तोंड पाडून आल्या.

"च्याओकाका, शिसं हल्लीच्या खाणीतलं आहे. भांडं नकली. तुमच्या शिफूंना कोणीतरी फसवलं."

"शिफूंना? फसवणारा अजून जन्मायचाय, पोरी! पाय माझा आहे. शिसं शिफूंनीच दिलं होतं, त्यांनी स्वतः ओतलेल्या लगडीतलं. भांड्याच्या पोटाचा कीस ने."

"अहो, मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"सांधा सांगावा लागला, तर केलाच कशाला?"

बाईंनी सगळं लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि पोटाचा कीस नेला.

त्यानंतर च्याओपुढं सुनेनं केलेल्या शेवया वाडग्यात गार व्हायच्या. एक जुनी गोष्ट मनात सलत होती. तीन हजार वर्षं मुरलेल्या भांड्याचा पाय मोडला, तर तुटलेली कड आतून इतकी चकचकीत कशी? तेव्हा त्यानं विचारलंही होतं. "हात चालव, तोंड नको," शिफू म्हणाले होते. त्यानं हात चालवला होता.

नवव्या दिवशी बाईंनी तपासणीचे दोन कागद त्याच्यापुढे ठेवले. पोटाचं आणि पायाचं शिसं एकाच लगडीचं होतं.

"काका, पाय तुमचा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग भांडं कोणी ओतलं? आणि खरं कुठं गेलं?"

च्याओनं कागद उलटे ठेवले. भांडं नुसतं नकली ठरलं असतं, तर शिफू फसले एवढंच लोक म्हणाले असते; आता ते ओतणारे शिफूच ठरत होते. ती लगड शिफूंची, हे सांगणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि जबाबाखाली त्याची सही होती. त्याला शिफूंचा राग आला नाही. स्वतःच्या जिभेचा आला.