सुधाआत्या आणि रविवारचा ग्लास

माझी आत्या दारू प्यायची.

लिहिलं. आता घरच्यांचे कितीही फोन आले तरी ही पोस्ट डिलीट होणार नाही.

आज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीवर, तिचा दहावा झाला. तिथून येऊन आंघोळ केली, दोन घास खाल्ले, तरी डोकं तापलेलंच आहे.

पेपरात निधनवार्ता दिली ती "धार्मिक व सात्त्विक वृत्तीच्या" म्हणून. धार्मिक? ही बाई चतुर्थीला ऑम्लेट खायची आणि वर आम्हाला विचारायची, "अर्धं हवंय का?"

सुधाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात स्टेनो होती. सत्तरच्या दशकात तिथे रशियन इंजिनिअर सहकुटुंब राहायचे. त्यातल्या एका वेराबाईशी आत्याची गट्टी जमली.

आत्याने वेराला पुरणपोळी शिकवली. वेराने आत्याला व्होडका.

वेराचा प्रकार साधा होता. व्होडकात संत्र्याचा रस, झाला स्क्रूड्रायव्हर. आत्याने घरी करून बघितला, पण संत्री संपली होती आणि बाजारात होती मोसंबी.

एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "मोसंबी म्हणजे आजाऱ्याचं पेय गं. याला धारच नाही."

मग तिची नजर गेली सायखेड्याहून आलेल्या ईडलिंबांवर. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "सुधे, लोणच्याची आहेत ती!"

"एकच घेतेय, आई."

झालं. तेव्हापासून लोणच्याला दर वर्षी ईडलिंबं कमी.

ऐंशी-एक्याऐंशीपासूनचं तर मला लख्ख आठवतं. दर रविवारी, जेवणाआधी. मोसंबीचा रस गाळून घ्यायचा. त्यात ईडलिंबू पिळायचं, चिमूटभर काळं मीठ. शेजारच्या डेअरीतून आणलेला बर्फ टॉवेलात गुंडाळून बत्त्याने फोडायचा. व्होडका मापात, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने.

आणि शेवटी साल. बोटभर लांब, इतकी पातळ की पांढरं दिसता कामा नये. "पांढरं आलं की कडू झालं," म्हणायची. ग्लासावर धरून ती साल पिरगळायची. बारीक फवारा उडायचा आणि अख्ख्या खोलीला वास यायचा. आम्हा पोरांच्या नुसत्या मोसंबीच्या रसावरही तस्साच फवारा. पंक्तिप्रपंच नाही.

एक ग्लास. तिच्या हातात दुसरा मी कधी पाहिला नाही.

आणि दार सताड उघडं. समोर आजी मेथी निवडत बसलेली.

कुणी म्हणालं, "अगं, दार तरी लोटून घे," तर म्हणायची, "का? चोरी करतेय का मी?"

खरंच नव्हती करत. आमच्या अख्ख्या खानदानात दारूचा परवाना रीतसर काढलेली ती एकटी. बाकीचे शूर पुरुष मित्राच्या गॅरेजमध्ये.

आणि आमचे नानाकाका, तिचे धाकटे भाऊ? दर रविवारी हजर. "सुधाताई, आमचा कुठाय?" ग्लास घेऊन मागच्या मोरीपाशी जायचे, उभ्याउभ्या संपवायचे, मूठभर बडीशेप तोंडात टाकून बैठकीत येऊन वर्तमानपत्र उघडायचे. काकूला आजतागायत पत्ता नाही, असं त्यांना वाटतं.

आता आजचं ऐका.

चार वर्षांपूर्वी आबाकाका गेले. आत्याचेच भाऊ. त्यांच्या दहाव्याला पिंडापाशी लाडू ठेवला, तंबाखूची पुडी ठेवली आणि क्वार्टर फोडून ओतली. गुरुजींनीही चालवून घेतलं. लोक गहिवरले. "आबांची आवड होती हो," म्हणून डोळे पुसले. आबांनी त्या आवडीपायी आपल्या बायकोचं काय केलं, ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून आज मी एक छोटा ग्लास भरून नेला होता. मोसंबी, ईडलिंबू, सगळं तिच्याच पद्धतीने.

नानाकाकांनी माझा हात धरला. "ठेव ते पिशवीत. बायकांचं असलं काही ठेवत नाहीत."

"आबाकाकांचं ठेवलं होतं की."

"तो पुरुष होता. लोक काय म्हणतील सुधाताईला?"

लोक! आयुष्यभर दार उघडं ठेवलं तिने, आणि ती गेल्यावर हे आतून कडी लावायला निघाले.

ठेवलं काय, तर दहीभात आणि शिरा. शिरा तिला आवडायचाही नाही. मला वाटलं होतं, कावळा शिवणार नाही, मग बघू या सगळ्यांची तोंडं. कसलं काय! पान ठेवायचा अवकाश, तीन कावळे तुटून पडले.

"बघ," नानाकाका म्हणाले. "तृप्त होऊन गेली. काही इच्छा राहिली नव्हती तिची."

अहो, कावळ्याला भूक लागली होती. आत्याचा काय संबंध?

दुपारी घरी सगळे टेकले होते. मी ओट्यापाशी उरलेलं ईडलिंबू बघत उभी होते. नानाकाका काठी टेकत आत आले. ऐंशीचे आहेत आता. हळूच म्हणाले, "तू सकाळी केलंस, ते तिच्यासारखं जमलं होतं का गं? मला एक करून देतेस? घोटभरच."

डोळे भरलेले होते त्यांचे. खोटं नाही सांगत.

मी म्हटलं, "देते. पण बैठकीत बसून घ्यायचं, सगळ्यांसमोर. आणि सांगायचं, हे सुधाताईचं आहे, दर रविवारी मी तिच्या हातचं प्यायलोय."

त्यांनी बैठकीकडे पाहिलं. काकू होत्या, व्याही होते, जावई होते.

मग म्हणाले, "राहू दे. चहाच टाक."

मी चहा टाकला.

आत्या, तुझ्या भावाला जमलं नाही. म्हणून इथे, चारशे लोकांसमोर, मी सांगितलं.

नीट जा.