पायलसमोर शिवी नाही

माझे मालक बळीराम तोंडाचे घाण हायेत, असं पावर हाउस वस्तीतली आमची अख्खी गल्ली म्हणते. म्हणो. मी रुक्मा, त्यायच्यासंगं चौतीस वर्षं काढली. मले विचारा.

हे कारखान्यात ठेकेदाराकडं खलाशी होते. जिथं क्रेन पोचत नाही तिथं जड लोखंड दोर लावून ओढाचं, हे खलाशाचं काम. चौदा जण दोर धरत, अन् हे पुढं उभे राहून हाळी देत. हाळी म्हणजे काय, शिवीच! सुपरवायझरच्या पोटावर, ठेकेदाराच्या नव्या गाडीवर, एकेक अशी जोडत की चौदा जण खो-खो हासत, अन् त्या हासण्यातच लोखंड सरके. एकदा एका सायबानं सांगितलं, सभ्य हाळी द्या. त्या दिवशी दुपारपर्यंत लोखंड वीतभर हाललं नाही.

पायाच्या अंगठ्यावर लोखंड पडलं तवा दवाखान्यापर्यंत शिव्या देत गेले, डोळ्यात टिपूस नाही. पण आई-बहिणीवरून एक शिवी नाही, अन् जातीवरून तर कधीच नाही. जातीवरून आमाले ज्यायनं हाणलं ते सारे गोड बोलणारे होते. ‘बळीरामजी, आडनाव काय आपलं?’ विचारत, अन् मंग चहा वेगळ्या कपात. घरी येऊन हे त्या कपाले अर्धा घंटा शिव्या देत, मंग पोटभर जेवत. शिव्या नसत्या तर ह्या माणसाचं काळीज कवाच फुटलं असतं.

आमची एकच पोरगी, पायल. इंग्रजी शाळेत शिकवते. तिले पाहाले दुर्गचे लोक आले, तवा ह्यायच्या हातावर गरम चहा सांडला अन् तोंडातून निघालं, ‘भाड्या!’ शिवी कपाले होती, पण समोर बसले होते नवरदेवाचे, राजदीपचे वडील. लग्न झालं, पण सासूनं तो शब्द रोज पायलच्या डोक्यावर मिऱ्यावानी वाटला. बुद्धपौर्णिमेले पोरगी माहेरी आली ते रडतच. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बापाले उभं केलं अन् वचन घेतलं, माझ्यासमोर पुन्हा शिवी नाही.

ह्यायनं देलं. अन् पाच वर्षं पाळलं. शिवी काढून घेतली तर ह्यायच्या बोलण्यात उरलं काय? पायल आली की ‘बरी हायेस?’ अन् ‘जेवून जा’. बस. पोरीले वाटे, बाप अजून फुगून राहिला.

यंदा फेब्रुवारीत लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आठव्या दिवशी मी पाणी पाजून राहिली होती, ठसका लागला अन् तोंडातून निघालं, ‘भाड्या!’ मी दवाखान्यात नाचली, खोटं कावून सांगू!

बोलणं शिकवणाऱ्या ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, असं होतं. लकव्यात साधे शब्द जातात, शिव्या कधी कधी राहतात. हाच धागा धरा. जीवाच्या माणसांसोबत जितकं बोलतील, तितकी बाकीचं परत यायची आशा. पहिले सहा महिने वाया घालवू नका.’

मंग काय! घरी आणलं अन् सुरू. पाणी पायजे, भाड्या. उशी सरकव, भाड्या. सुरावरून मी सारं ओळखो. पण ज्या पोरीवर सर्वांत जास्त जीव, ती रविवारी आली की तोंडाले कुलूप.

पायल शाळेतले कार्ड घेऊन बसे. ‘बाबा, पा-णी. बोलो ना, बाबा.’ हे ओठ आवळून भिंतीकडं पाहत. भिंतीवर तोच फोटो. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी पोरगी मले म्हणे, ‘आई, तू झूठ बोलतेस. बाबा बोलतच नाहीत.’

माझी सटकली. ‘बोलतात! एकच शब्द उरला त्यायच्यापाशी, अन् तोच तू बंद केला!’

पायल बापाच्या पायाशी बसली. ‘बाबा, मी वचन वापस घेते. शिवी द्या. मला द्या, माझ्या सासूला द्या.’

हे नुसते मान हालवत राहिले. डाव्या हातानं फोटोकडं दाखवलं. वचन तिथं देलं होतं, ते वापस घेणं पोरीच्या हाती नव्हतं. मीही लय भांडली. ह्यायच्या डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं, पण ओठ उघडले नाहीत.

शेवटी ती ‘जाते, बाबा’ म्हणून उठली, दार ओढून घेतलं. घरी न जाता बाहेर पायरीवरच बसली. अन् आतून आवाज आला. ‘भाड्या... ए भाड्याऽ.’ असा मऊ! पाळण्यातल्या पायलले हाक मारत, तोच सूर. मी दार उघडाले धावली. पायलनं बाहेरून कडी लावली.

‘आई, नको उघडू. मी आत आली तर ते चूप होतील.’

आता सप्टेंबर लागला. सहा महिने संपले, दुसरा शब्द आला नाही. पायल दर रविवारी येते, कार्ड आणत नाही. बापाचा हात धरून बसते, ‘जाते, बाबा’ म्हणते, दार ओढते अन् पायरीवर बसते. आत हे तिले हाका मारत राहतात. बाहेर ती, त्यायले आयकू जाऊ नये म्हणून, तोंडात ओढणी कोंबून ओ देते.