‘मोठी’ कोणाची?

आमच्या वहिनींनी एखादी गोष्ट मनावर घेतली की शहाण्यानं तिथून काढता पाय घ्यावा. मला ते जमलं नाही, कारण गोष्ट आमच्याच बँडची होती. मी त्यात ड्रम वाजवायचो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि वहिनींचा नवरा, गिटारवर आणि सगळ्यांच्या डोक्यावर. बेसवर खांब. स्टेजवर उभा राहिला की कार्यक्रम संपेपर्यंत तसूभर हलायचा नाही, म्हणून खांब. चौथा कीबोर्डवाला, तो लवकरच परदेशी गेला आणि तिकडचाच झाला.

आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो. म्हणजे काय, तर एकेक रचना अर्धा अर्धा तास, ठेका कधी सातचा, कधी अकराचा. लोकांना टाळी कुठे द्यावी तेच कळायचं नाही. गाणं संपलं असं समजून माणसं उठायची, आणि आम्ही अजून मध्यावरसुद्धा आलेलो नसायचो. तरी ऐकणारे होते हो! मोजके होते, पण वेडे होते.

दादा गेल्यावर एका कंपनीनं आमचं सगळं संगीत एकत्र काढायचं ठरवलं. सोबत एक पुस्तिका, तिच्यात प्रत्येक रचना कधीची, कुठली, कोणी केली, कोणी वाजवली. टेप सगळ्या वहिनींच्या घरात, मागच्या खोलीत. कंपनीची बाई फोनवर म्हणाली, ‘‘जमेल तेवढं कळवा.’’

‘‘जमेल तेवढं म्हणजे काय?’’ फोन ठेवून वहिनी माझ्यावरच उखडल्या. ‘‘कळवायचं तर सगळं कळवायचं.’’

त्यांची सगळी नोकरी रुग्णालयाच्या कागदपत्र विभागात गेलेली. ज्या केसपेपरवर नाव नाही तो कपाटात जाणार नाही, हा त्यांचा तिथला नियम. तोच त्यांनी आम्हाला लावला. मागच्या खोलीतला पलंग बाहेर गेला, टेबल आत आलं, त्यावर जुनं टेपमशीन. टेप इतक्या जुन्या की चालवल्या की मशीनच्या हेडवर, म्हणजे फीत जिथे घासत जाते तिथे, तपकिरी भुकटी जमायची. वहिनी दर वेळी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ती पुसायच्या, आणि मी चहा घेऊन आत पाऊल टाकलं की ओरडायच्या, ‘‘कप बाहेर!’’ मी दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतो. आरडाओरडा करायची सवय मला. इथे मात्र मी कप घेऊन बाहेर.

डब्यांवरच्या नावांचा काही उपयोग नव्हता. पैसे वाचवायला आम्ही एकाच टेपवर पुन्हा पुन्हा वाजवायचो, डबा मात्र जुनाच. मग वहिनींनी कानांवर काम काढलं. आवाज कोंदट असेल तर आमच्या सरावाच्या खोलीतला काळ. घुमत असेल तर आम्ही गोदामात वाजवायचो तेव्हाचा. कीबोर्डचा स्पीकर फाटल्यासारखा खरखरतोय, म्हणजे तो बदलण्याच्या आधीचं. महिनाभरात त्यांनी बहुतेक टेप कालक्रमानं लावल्या. उरला प्रश्न एकच, कुठली रचना कोणी केली? रेकॉर्डच्या पाकिटावर सगळीकडे दादाचंच नाव होतं, कारण रेकॉर्ड निघताना कागदांवर सह्या त्यानं केल्या होत्या. पण सगळं काही त्याचं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि वहिनींनाही.

‘‘वहिनी, सोप्पं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्याकडे जो रचायचा तोच सुरुवातीला एक, दोन, तीन असं मोजून द्यायचा. इतर बँडमध्ये ड्रमवाला मोजतो. आमच्यात ठेक्याचा ‘एक’ कुठे पडतो हे रचणाऱ्यालाच ठाऊक, मी काय कपाळ मोजणार? रेकॉर्ड निघताना ते मोजणं कापून टाकायचे, पण या टेपांवर असणारच.’’

हे सांगून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला, ते नंतर कळलं.

आमची एक रचना होती, तिला आम्ही नुसती ‘मोठी’ म्हणायचो. जे काही चार लोक आम्हाला ओळखतात ते तिच्यामुळे. पाकिटावर दादाचं नाव. दादाला निरोप द्यायला माणसं जमली तेव्हा वहिनींनी तीच लावली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि माणसं उभ्यानं ऐकत होती. वहिनींच्या लेखी दादा म्हणजे ‘मोठी’ आणि ‘मोठी’ म्हणजे दादा.

तिची टेप लागली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कोणीतरी नाक ओढलं. मग मोजणं आलं, एक ते पाच, आणि पुन्हा एक ते सहा.

अकराचा ठेका असा दोन तुकड्यांत मोजणारा, आणि बारा महिने नाक ओढणारा माणूस आमच्यात एकच होता. पाकिटावरचं वाचून वाचून माझ्या डोक्यातलं खरं कधी पुसलं गेलं होतं कोण जाणे.

‘‘खांब,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘एवढ्याशा आवाजावरून काही ठरत नाही,’’ मी तडकलो. ‘‘दादाचं नाव काढणार तुम्ही? तुम्ही?’’

वहिनी पुन्हा मशीनकडे वळल्या. ज्या रचना नक्की कोणाच्या हे माहीत होतं, त्या सगळ्या पुन्हा लावल्या आणि नियम तपासला. सगळीकडे बरोबर, एक सोडून. माझ्या एकुलत्या एका रचनेला दादा मोजत होता. मी उडालोच! ‘‘बघा! मेला तुमचा नियम!’’ वहिनींनी टेप थोडी मागे घेतली. तिथे माझाच घोगरा आवाज होता, ‘‘घसा बसलाय रे, तू मोज.’’

मी उठून चहा ठेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खांबाकडे निघाल्या. मी गाडी काढली, कारण एकटं जाऊ देणं माझ्या जिवावर आलं. खांब शिलाई मशीन दुरुस्त करतो. दुकान अरुंद, भिंतीला उघडी मशीनं, सगळीकडे तेलाचा वास. त्यानं हात पुसले, आम्हाला स्टुलं दिली आणि स्वतः उभा राहिला.

‘‘‘मोठी’ कोणाची?’’ वहिनींनी बसायच्या आधीच विचारलं.

‘‘पाकिटावर छापलंय की.’’

‘‘छापलेलं मला वाचता येतं. तुम्हाला विचारतेय.’’

‘‘त्याची,’’ खांब म्हणाला. ‘‘तुमच्या नवऱ्याची.’’

मला हायसं वाटलं. खुद्द खांबच सांगतोय म्हटल्यावर मिटलं की सगळं! मी उठलोसुद्धा. वहिनींनी पर्समधून मोबाइल काढला आणि टेपवरून उतरवून आणलेलं ते मोजणं लावलं. नाक ओढलं, एक ते पाच, एक ते सहा. स्वतःचा तरणा आवाज ऐकून खांबानं खाली बसायला काहीतरी शोधलं आणि शेवटी एका मशीनच्या पेटीवर टेकला.

‘‘वहिनी, कशाला उकरताय?’’ तो म्हणाला. ‘‘त्याला निरोप दिला त्या दिवशी तुम्ही ती लावलीत. मी मागे उभा होतो. तुम्हाला रडताना पाहिलं आणि मनात म्हटलं, जाऊ दे, आता ही त्याची. तुमच्याकडून काढून घेऊन मी काय करू?’’

वहिनींचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत राहिला. ‘‘मी माझ्या नवऱ्यासाठी रडले. त्यासाठी मला तुमची रचना उसनी नकोय.’’

एक गिऱ्हाईक डोकावलं, खांबानं हातानंच ‘नंतर’ म्हणून सांगितलं.

‘‘सगळी माझी नाही,’’ मग तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘मधे गिटार येते ना, एकटीच, ती जागा मी मोकळी ठेवली होती. काही सुचतच नव्हतं. रेकॉर्ड करताना शेवटच्या खेपेला त्यानं आपल्या मनानं तिथे वाजवलं. वाजवून झाल्यावर विचारत होता, ‘हे तिला आवडेल का रे?’ तुमचं लग्न ठरत होतं तेव्हा.’’

परतीच्या वाटेवर वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मी एका रिक्षावाल्याला उगाचच शिव्या घातल्या.

घरी येऊन त्या तडक मागच्या खोलीत गेल्या. ‘मोठी’च्या आधीच्या सगळ्या खेपा त्यांनी लावल्या. मधल्या जागी माझे ड्रम आणि खांबाचा बेस नुसते वाट बघत होते, गिटार नव्हती. शेवटच्या खेपेला ती आली. पण ती खेप संपता संपता टेपही संपली होती. त्यानंतर कोण काय बोललं, काहीच नव्हतं. वहिनींनी ती शेवटची फीत पुन्हा लावली, पुन्हा हेड पुसलं, पुन्हा लावली.

मग त्यांनी कंपनीसाठी लिहायला घेतलं. ‘मोठी’च्या पुढे खांबाचं खरं नाव, पूर्ण. खाली एक ओळ, मधला गिटारचा भाग दादाचा, आयत्या वेळी वाजवलेला.

‘‘आणि ते?’’ मी विचारलं. ‘‘तुमच्यासाठी वाजवलं ते? तेही टाका ना! लोकांना किती आवडेल!’’

‘‘टेपवर नाही.’’

‘‘अहो, खांब सांगतोय ना!’’

‘‘‘मोठी’ तुमच्या दादाची आहे, हेही सकाळी खांबच सांगत होते,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘माझं मन राखायला माणूस काहीही बोलेल.’’

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. एवढी एकच गोष्ट त्या सगळ्यात वहिनींच्या वाट्याची होती, आणि ही बाई तीसुद्धा सोडायला निघाली होती.

‘‘म्हणजे खोटं धरायचं?’’ मी ओरडलोच.

वहिनींनी कागद पाकिटात घातले, पाकीट बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘छापणार नाही, भावजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरं मात्र मानणार.’’